जुन्या गाडीचे फाउंडेशन : बदलावे की चालवून न्यावे?

पंधरा-वीस वर्षांची मारुती गॅरेजात गेली आणि मेकॅनिकने बोनेट उघडून ‘फाउंडेशन गेलंय’ असे सांगितले, की मालकाच्या डोक्यात दोन आकडे समोरासमोर उभे राहतात. एक दुरुस्तीच्या खर्चाचा, दुसरा गाडी विकली तर हातात पडेल त्या रकमेचा. दुसरा आकडा वर्षागणिक इतका घटलेला असतो की पहिला आहे त्यापेक्षा मोठा दिसू लागतो. मग ‘चालतेय ना, चालू दे’ असे म्हणून निर्णय पुढे जातो. सर्वण, कारापूर, मये, साळ या गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या गावांत अशा ‘चालू दे’वर चाललेल्या गाड्या पुष्कळ आहेत. त्यांच्या मालकांना घाबरवून खर्चात पाडावे असे मला वाटत नाही. हा खर्च टाळण्यामागची कारणे खरी आहेत. पण टाळण्याची किंमतही खरी आहे आणि ती उशिरा कळते. म्हणून दोन्ही बाजू शांतपणे तोलायला हव्यात.

आधी जुनी गाडी इथे टिकून का आहे ते पाहू. सर्वण हे कारापूर-सर्वण पंचायतीतले गाव, डिचोली आणि साखळी या दोन्ही बाजारगावांना जवळचे. या टापूचे अर्थकारण कित्येक दशके लोहखनिजावर उभे होते. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. २०१४ मध्ये अटींसह वाट मोकळी झाली, पण फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द ठरले आणि त्या मार्चच्या मध्यापासून उत्खनन पुन्हा बंद पडले. ज्या घरांचा हिशेब ट्रकच्या फेऱ्यांवर होता, तिथे नव्या गाडीचा बेत मागे पडणे स्वाभाविक होते. शिवाय संध्याकाळनंतर बस विरळ होतात. रात्री कुणाच्या छातीत दुखू लागले तर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, पोचवायला दारातली गाडीच लागते, मग ती २००४ ची असो की २०२४ ची. अशा घरात जुनी मारुती ही हौसेची वस्तू नसते.

कायद्यानेही तिला हद्दपार केलेले नाही. दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले, तसे गोव्यात नाही. इथे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी वाढते. मात्र या वाढीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी ते १०,००० रुपये झाले. म्हणजे गाडी ठेवायला परवानगी आहे, पण दर पाच वर्षांनी ती ठेवायची की काढायची हा प्रश्न आता पैशांसकट समोर येतो. फाउंडेशनचा निर्णय या प्रश्नापासून तोडून घेता येत नाही.

हे फाउंडेशन, म्हणजे इंजिनाचे माउंटिंग, करते काय? इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे एकत्र धूड तीन-चार ठिकाणी गाडीच्या अंगाला जोडलेले असते. प्रत्येक जोडावर दोन लोखंडी भाग आणि त्यांच्यामध्ये चिकटवून पक्के केलेले रबर असते. या रबराकडून दोन परस्परविरुद्ध कामांची अपेक्षा असते. थरथर अंगात पोचू नये म्हणून त्याने मऊ असावे, आणि इंजिन जागचे हलू नये म्हणून त्याने घट्ट असावे. मोटारगाडीच्या सुरुवातीच्या काळात पुष्कळ गाड्यांत इंजिन सांगाड्याला जवळजवळ थेट आवळलेले असे आणि बसणाऱ्याला सगळी कंपने सोसावी लागत. १९३१ मध्ये क्रायस्लर कंपनीने प्लिमथ गाडीत इंजिन रबरावर तोलून धरण्याची रचना ‘फ्लोटिंग पॉवर’ या नावाने आणली, आणि लवकरच फ्रान्सच्या सित्रोएनने तिचे हक्क घेतले. तेव्हापासून आजपर्यंत माउंटिंगची सगळी कारागिरी मऊपणा आणि घट्टपणा यांच्या या तडजोडीतच आहे.

आपल्या जुन्या गाड्यांत ही तडजोड फार ताणलेली असते. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलेली मारुती ८०० घ्या. तिचे ७९६ सीसीचे इंजिन तीन सिलिंडरचे. तीन सिलिंडरच्या रचनेत वर-खाली जाणाऱ्या पिस्टनांचे बल एकमेकांना तोलते, पण इंजिनाचे एक टोक वर आणि दुसरे खाली असे डोलणे उरतेच. शिवाय मिनिटाला ८०० फेरे घेत ते आयडलिंगवर उभे असेल, तर सेकंदाला वीस स्फोट होतात, आणि रबराला अशी संथ कंपने गिळणे जड जाते, जलद कंपने सोपी जातात. म्हणून ८०० उभी असताना जरा थरथरते आणि पळायला लागली की शांत होते. ती नवी असतानाही असेच होते. ओम्नीत तेच इंजिन पुढच्या सीटच्या खाली बसवलेले असल्याने ड्रायव्हरला ती थरथर थेट जाणवते. थोडी थरथर हा या इंजिनांचा स्वभाव आहे, हे आधी मान्य करायला हवे. नाहीतर माणूस एकामागून एक रबरे बदलत राहतो आणि तरी समाधान होत नाही.

दुसरे काम, धरून ठेवण्याचे, जास्त कष्टाचे आहे आणि त्याच्याकडे लक्ष कमी जाते. चाकांना पुढे ढकलण्यासाठी इंजिन जेवढा जोर लावते, तेवढाच उलटा जोर त्याच्या स्वतःच्या अंगावर येतो. पुढची चाके फिरवणाऱ्या आडव्या इंजिनाच्या गाडीत, जशी ८००, हा उलटा जोर पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या मूळ जोराच्या दहा-पंधरा पटींवर जातो आणि तो सगळा माउंटिंगवर पडतो. सारमानस-टोंक फेरीबोटीतून उतरून चढ चढताना अर्ध्या क्लचवर गाडी रेटली जाते, साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाटात दुसऱ्या गिअरवर गाडी तासभर झुंजते, तेव्हा रबर सर्वाधिक पिळले जाते. सपाट रस्त्यावर पन्नासच्या वेगाने जाताना ते जवळजवळ विश्रांती घेत असते.

रबर झिजते कशाने, याचे आपल्या भागातले उत्तर थोडे सविस्तर द्यायला हवे, कारण निर्णय त्याच्यावर अवलंबून आहे. वय आणि उष्णता यांनी रबर कडक होते आणि तडकते, हे सगळीकडचे. पण माउंटिंगमधले नैसर्गिक रबर पेट्रोल-डिझेल-ऑइलच्या जातीच्या कुठल्याही द्रवापुढे टिकत नाही. ते फुगते, लिबलिबीत होते आणि लोखंडापासून सुटते. जुन्या इंजिनाच्या वरच्या झाकणाचे पॅकिंग गेले की ऑइल पाझरून नेमके खालच्या रबरावर थेंब-थेंब पडत राहते. त्यात आपली एक जुनी सवय भर घालते. गाडी धुतली की बोनेटखाली चमक यावी म्हणून डिझेल फवारायचे, आणि पावसाळ्याआधी गंज लागू नये म्हणून गाडीच्या पोटाला इंजिनातून काढलेले जुने ऑइल मारायचे. कोकण-गोव्याच्या पावसात या सवयीमागे शहाणपण आहे, पत्रा त्याने खरोखर वाचतो. पण फवारणाऱ्याचा हात रबराशी थांबत नाही. पत्रा वाचवताना माउंटिंग, सस्पेन्शनचे बुश आणि ड्राइव्ह शाफ्टचे बूट अशी सगळी रबरे एकदम भिजतात. त्यावर खाणपट्ट्याची तांबडी माती बसते, ती ओल धरून ठेवते, आणि रबर ज्या लोखंडी पट्टीला चिकटलेले असते ती पट्टी कडेने गंजू लागते. वरून शाबूत दिसणारे माउंटिंग बोल्ट सोडताच दोन तुकड्यांत हातात येते, ते यामुळे.

आता न बदलण्याच्या बाजूने काय म्हणता येते ते पूर्ण ताकदीने मांडू. पहिली गोष्ट, बहुतेक माउंटिंगांची रचना अशी असते की रबर तुटले तरी लोखंडी भाग एकमेकांत अडकून राहतात. इंजिन रस्त्यावर पडत नाही. दुसरी, गाडी दिवसाला चार-सहा किलोमीटर चालत असेल, डिचोलीचा बाजार, मुलाचा क्लास, रविवारी देऊळ एवढाच तिचा वावर असेल, तर ढिल्या रबरावर तिने एखादे वर्ष काढले म्हणून आभाळ कोसळत नाही. तिसरी, आणि मला सर्वांत वजनदार वाटणारी : फाउंडेशन बदलल्याने गाडीची विक्रीची किंमत एका रुपयानेही वाढत नाही. त्याच पैशांत टायर, ब्रेकचे पॅड किंवा वायपर आले तर पावसाळ्यात जीव वाचण्याची शक्यता अधिक. ज्या घरात महिन्याचे गणित काटेकोर आहे, तिथे ‘आधी ब्रेक, मग फाउंडेशन’ असे म्हणणारा मालक चूक करत नाही. एखादा मेकॅनिक जर टायर गुळगुळीत झालेले दिसत असताना आधी माउंटिंगचे बिल काढत असेल, तर त्यालाच थांबवायला हवे.

या बाजूला आणखी एक आधार आहे. थरथर वाढली की दोष माउंटिंगचाच असतो असे नाही. एक प्लग नीट पेटत नसेल, कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकला असेल, आयडलिंग खाली बसले असेल, एसी लावल्यावर फेरे वाढवणारी यंत्रणा काम करत नसेल, तर गाडी अगदी तशीच हादरते. तीन सिलिंडरपैकी एक सुस्त पडले की इंजिनाची तृतीयांश ताकदच जाते. तेव्हा नवी रबरे घालूनही फरक पडत नाही आणि मालकाचा दुरुस्तीवरचा विश्वास उडतो. प्लग आणि ट्यूनिंगचे काम स्वस्त आहे. ते आधी झाले पाहिजे, यात वादाला जागा नाही.

बदलण्याच्या बाजूकडे वळताना मोटारींच्या इतिहासातली एक घटना सांगावीशी वाटते. अमेरिकेत डिसेंबर १९७१ मध्ये जनरल मोटर्सने १९६५ ते १९६९ च्या शेवरले गाड्यांपैकी सुमारे ६७ लाख गाड्या परत बोलावल्या. कारण होते इंजिनाचे माउंटिंग. जोर पडला की रबर तुटून मोठे इंजिन एका बाजूने उचलले जाई, त्यासरशी ॲक्सिलरेटरची दांडी ओढली जाऊन उघडीच अडके, आणि ब्रेकला मदत करणारी व्हॅक्यूमची नळीही निसटू शके. वेग वाढतोय आणि ब्रेक जड झालाय, अशी अवस्था. ही भीती जशीच्या तशी आपल्या मारुतीला लावणे अन्यायाचे होईल. इथे ॲक्सिलरेटरला लवचीक केबल असते, इंजिन लहान असते आणि पुढच्या काळातली माउंटिंगे एकमेकांत अडकणारी केली गेली. पण त्या वेळी कंपनीने उपाय काय केला ते महत्त्वाचे आहे. तिने लाखो रबरे बदलण्याऐवजी इंजिनाला एक पोलादी केबल बांधून दिली, म्हणजे रबर तुटले तरी इंजिन मर्यादेपलीकडे उचलले जाऊ नये. थरथर कमी करण्याचा तिथे प्रश्नच नव्हता. हालचाल रोखणे एवढाच सुरक्षेचा मुद्दा होता.

मला या साऱ्या वादाचा निकाल याच भेदावर लावावासा वाटतो. थरथर ही गैरसोय आहे, ती सोसायची की नाही हे ज्याने-त्याने ठरवावे. इंजिन जागचे हलणे हे मात्र नुकसान आहे, आणि ते इंजिनापुरते थांबत नाही.

हलणाऱ्या इंजिनाला जोडलेली प्रत्येक वस्तू त्याच्यासोबत ओढली जाते. सायलेन्सरचा पुढचा पाइप सांध्याशी तडकतो आणि मालक वेल्डिंग करून घेतो, दोन महिन्यांनी पुन्हा तिथेच तडा जातो. रेडिएटरचा होज घासून पातळ होतो. गिअरची जोडणी सरकल्याने गिअर अडतो किंवा गाडी उतारावर असताना सुटतो. ड्राइव्ह शाफ्ट तिरके चालून त्यांचे जॉइंट लवकर कटकटू लागतात. क्लच सोडताना गाडी गचके देते आणि दोष क्लच प्लेटवर जातो. सर्वांत कमी ठाऊक असलेली गोष्ट अर्थिंगच्या पट्टीची. इंजिन रबरावर बसलेले असल्याने त्याला विजेचा परतीचा रस्ता देण्यासाठी एक जाड तार किंवा विणलेली पट्टी बॉडीला जोडलेली असते. इंजिन उड्या मारू लागले की ती तुटते. मग स्टार्टरचा एवढा मोठा करंट वाट शोधत क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या पोलादी केबलमधून जाऊ लागतो, केबल तापते, तिचे आवरण वितळते. असे झाल्यावर दोन-दोन केबली बदलून घेणारे आणि मूळ कारणापर्यंत न पोचणारे लोक आहेत. एका फाटलेल्या रबरामुळे झालेले हे सगळे खर्च वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या नावांनी येतात, म्हणून ते एकत्र मांडले जात नाहीत. ‘फाउंडेशन महाग पडेल’ म्हणणाऱ्याने गेल्या दोन वर्षांत पाइप, होज, केबल आणि क्लच यांवर काय दिले ते एका कागदावर लिहून पाहावे.

हालचाल ओळखणे कठीण नाही, पण दोन माणसे लागतात. गाडी सपाटीवर, समोर आणि मागे मोकळी जागा ठेवून उभी करायची, हँडब्रेक ओढायचा. जाणत्या ड्रायव्हरने ब्रेकवर पाय दाबून ठेवून इंजिन सुरू करावे, पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी किंचित सोडावा, गाडी ओढू लागली की लगेच दाबावा. मग हेच रिव्हर्समध्ये. दुसऱ्याने उघड्या बोनेटकडे बाजूला उभे राहून पाहावे. गाडीच्या समोर किंवा मागे कोणीही, लहान मूल तर मुळीच, असता कामा नये. निरोगी माउंटिंगवर इंजिन बोटभर कलते आणि मऊपणे परत येते. गेलेल्या माउंटिंगवर ते एका बाजूने ठळक उचलले जाते आणि ‘धड्’ आवाज करत आदळते. तो आवाज ऐकू आला की पुढची चर्चा ‘बदलावे का’ यावर होऊ नये, ‘कधी आणि कसे’ यावर व्हावी. आवाज नाही, उचलणे नाही, नुसती थरथर आहे, तर प्लग-कार्ब्युरेटर पाहून घ्यावे आणि गाडी निर्धास्त चालवावी. फाउंडेशनचे पैसे टायरला जाऊ द्यावेत.

एकच बदलायचे की सगळी, यावर मेकॅनिकांत मतभेद आहेत आणि दोघांचेही म्हणणे समजण्यासारखे आहे. एकच बदला म्हणणारा गिऱ्हाइकाचा खिसा पाहतो. सगळी बदला म्हणणारा सांगतो की नवे रबर ताठ, जुनी खाली बसलेली, इंजिन तिरपे राहते आणि सगळा भार नव्यावर येऊन तेही वर्षभरात जाते. माझा कल परिस्थितीनुसार आहे. सगळी रबरे गाडीच्या जन्मापासूनची असतील तर ती एकाच वयाची आहेत, एक फाटले म्हणजे बाकीची मागोमाग आहेत. अशा वेळी संच बदलणेच स्वस्त पडते. पण एकच रबर ऑइलच्या गळतीने खराब झाले असेल आणि इतर दोन-तीन वर्षांपूर्वीच बदललेली असतील, तर गळती बंद करून तेवढे एक बदलणे पुरेसे आहे. काही नंतरच्या गाड्यांत इंजिन दोन मोठ्या माउंटिंगांना टांगलेले असते आणि खाली एक छोटा दांडा त्याचे डोलणे अडवतो. बऱ्याचदा त्या दांड्याचे बुशच आधी जाते. ते एकटे बदलण्यात काही बिघडत नाही, आणि मोठी माउंटिंगे विकत घेण्याआधी ते तपासलेच पाहिजे, कारण अशा गाड्यांच्या मोठ्या माउंटिंगांत कधी द्रव भरलेला असतो आणि त्यांची किंमत हजारांत जाते. ८०० किंवा ओम्नीचे एकेक रबर काही शे रुपयांतले. तिथे मजुरीच मोठी असते.

मजुरी वाचवण्याचा एक रस्ता मालकाने लक्षात ठेवावा. क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, तेव्हा माउंटिंगचे बोल्ट तसेही सुटतात. क्लचचे काम निघालेच असेल तर त्याच दिवशी फाउंडेशन पाहून घ्यावे. चांगला मेकॅनिक हे स्वतः सांगतो. तो सांगत नसेल तर आपण विचारावे, त्यात त्याचा अपमान नाही.

सुट्या भागाच्या निवडीत मात्र काटकसर चुकीच्या जागी होते. ८०० चे उत्पादन थांबून दशक उलटले, त्यामुळे दुकानात कंपनीचा, दुसऱ्या उत्पादकाचा आणि निनावी असे तिन्ही प्रकार समोर येतात. दुसऱ्या उत्पादकाचा चांगला माल वापरायला हरकत नाही. पण रबर शेल्फवर पडूनही म्हातारे होते. कडांना बारीक चिरा, वरचा थर खरखरीत, लोखंडाशी सांध्यावर फट, असे काही दिसले तर पिशवी कितीही नवी असली तरी तो भाग घेऊ नये. भंगारातून काढलेले माउंटिंग तर कोणत्याही किमतीला घेऊ नये, ते आपल्या गाडीतल्याएवढेच थकलेले असते. काही जण टिकाऊ म्हणून पॉलियुरेथेनचे कडक माउंटिंग सुचवतात. शर्यतीच्या गाडीत त्याचे काम आहे. तीन सिलिंडरच्या घरगुती गाडीत ते घातले तर इंजिन हलणार नाही, पण डॅशबोर्डपासून खिडकीच्या काचेपर्यंत सगळे वाजू लागेल आणि गंजलेल्या पत्र्याच्या सांध्यांना ती कंपने सोसावी लागतील. फाटलेल्या रबराच्या फटीत टायरचा तुकडा ठोकून बसवणे हाही आपल्याकडचा उपाय आहे. घाटात अडकलेली गाडी घरी आणायला तो चालतो. महिनोन्‌महिने चालवायला नाही.

काम करताना दोन गोष्टींचा आग्रह मालकाने धरावा. इंजिन उचलायला जॅक थेट ऑइल संपच्या पातळ पत्र्याला लावू नये, मधे लाकडी फळी हवी. संप आत दबला तर ऑइल खेचणाऱ्या नळीचे तोंड अडते आणि फाउंडेशनच्या कामातून इंजिनाचे काम निघते. आणि बोल्ट एकेक करून शेवटपर्यंत आवळू नयेत. सगळे सैल लावून, इंजिन हलवून-बसवून, मग आवळावेत, नाहीतर नवे रबर पहिल्या दिवसापासून पिळलेले राहते. पुष्कळ ठिकाणी ‘नवे रबर सहा महिन्यांत गेले’ अशी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ रबरापेक्षा या घाईत किंवा न थांबवलेल्या गळतीत असते.

एका परिस्थितीत मात्र मी स्पष्टपणे ‘बदलू नका’ म्हणेन. माउंटिंग ज्या ब्रॅकेटला आणि ब्रॅकेट ज्या पत्र्याला जोडलेले असते, तो पत्राच गंजाने पोखरला असेल, स्क्रूड्रायव्हर टोचला की आत जात असेल, तर नवे रबर घालून काही साधत नाही. पाया धरणारी जमीनच उरलेली नसते. तिथे वेल्डिंगचे ठिगळ मारून पासिंग मिळवण्याची धडपड होते, आणि ते ठिगळ चोर्ल्याच्या चढात किती टिकेल याची हमी कोणी देत नाही. अशी गाडी निवृत्त करावी. पाच किंवा दहा हजार रुपये नोंदणीला भरण्याआधी ही तपासणी व्हावी, नंतर नव्हे. नोंदणीचे पैसे भरले गेले की माणूस त्या पैशांसाठी पुढचा खर्च करत जातो.

जुनी गाडी ठेवणेच मुळात योग्य का, असाही आक्षेप येईल. कार्ब्युरेटरची गाडी नव्या भारत स्टेज सहा मानकांच्या गाडीपेक्षा जास्त प्रदूषण करते, हे खरे. तिच्यात एअरबॅग नाही, हेही खरे. ज्याला परवडते आणि जो रोज पणजीला ये-जा करतो, त्याने नवी घ्यावी. पण गावातल्या गावात चालणारी गाडी मोडीत काढून तिच्या जागी नवी घेतली, तर ती नवी गाडी घडवण्यासाठीही लोखंड, प्लास्टिक आणि वीज खर्च होते, आणि सात वर्षांचे कर्ज त्या घरावर बसते. महिन्याला शंभर-दोनशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत जुनी नीट राखणे मला अधिक जबाबदारीचे वाटते. अट एकच, ती खरोखर राखलेली असावी. पत्रा शाबूत, ब्रेक पक्के, टायर ठीक आणि इंजिन जागेवर. यातले शेवटचे सोडून बाकी सगळे आपण पाहतो.

म्हणून माझे मत असे. पत्रा शाबूत असेल आणि इंजिन उचलले जात असेल, तर माउंटिंग बदलावे, गाडीची बाजारातली किंमत काहीही असो, कारण हा खर्च गाडी विकण्यासाठी नाही, पुढची पाच वर्षे ती वापरण्यासाठी आहे. नुसती थरथर असेल तर थांबावे. पत्रा गेला असेल तर गाडीच सोडावी. डिचोली-साखळीच्या गॅरेजवाल्यांना विनंती आहे की काढलेले जुने रबर गिऱ्हाइकाच्या हातात द्यावे, ते कुठे फाटले आणि कशाने फाटले हे दाखवावे, आणि बोनेटखाली डिझेल फवारणे बंद करावे. पावसाळ्याआधी पोटाला ऑइल मारून घेणाऱ्यांनी रबरावर प्लास्टिक गुंडाळायला सांगावे, त्याला दहा मिनिटेही जास्त लागत नाहीत. आणि चवथीला सगळे घर गाडीत बसवून सासर-माहेरच्या वाटेला लागण्याआधी, जाणत्या ड्रायव्हरला स्टिअरिंगवर बसवून प्रत्येक मालकाने एकदा आपल्या डोळ्यांनी उघड्या बोनेटखाली इंजिन हलते का ते पाहून घ्यावे.